जुना जपानी आरपीजी मराठीत आणायचा आहे? आधी एक ओळ बसवून दाखवा

विचारलेलं थोडक्यात असं: जपानीची एन३ (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पास झाली आहे, पायथॉन बऱ्यापैकी येतं, सुपर फॅमिकॉमच्या (निंटेंडोच्या नव्वदच्या दशकातल्या गेमयंत्राच्या) काळातला एखादा आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा कथाप्रधान गेम) मराठीत आणायचा आहे. स्क्रिप्टचं भाषांतर सुरू करू का? एकट्याने होईल का? आणि हे कायदेशीर आहे का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो: नाही, भाषांतर अजून सुरू करू नका. निदान एक ओळ गेमच्या आत बदलून, पडद्यावर मराठीत उमटलेली दिसेपर्यंत तरी नको. माझं काम या छंदातल्या तांत्रिक बाजूचं आहे, म्हणजे रॉम (गेमच्या कार्ट्रिजमधल्या मजकूर-कोडची फाइल) उघडणं, मजकूर बाहेर काढणं आणि परत आत बसवणं. बंद पडलेले प्रकल्प जेवढे पाहिले त्यांतल्या बहुतेकांत भाषांतर अडलेलं नव्हतं. उत्साही माणसाने शेकडो पानं भाषांतरित करून ठेवलेली असतात आणि ती गेममध्ये जातच नाहीत. कधी जागा नसते, कधी फॉन्ट नसतो, तर कधी गेमच्या वाक्यरचनेचा सांगाडाच वेगळा निघतो. मग सगळं पुन्हा लिहायची वेळ येते आणि तिथे माणूस सोडून देतो.

एक ओळ बसवायची म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण निम्मं शिक्षण त्यातच आहे.

सुपर फॅमिकॉमचे गेम मजकूर कुठल्याही प्रमाणित संकेतात ठेवत नाहीत. प्रत्येक कंपनीची, कधीकधी प्रत्येक गेमची आपली वेगळी संकेतावली असते. अमुक बाइट म्हणजे あ, पुढचा い, त्यापुढचा う. ती शोधायची जुनी युक्ती म्हणजे सापेक्ष शोध. पडद्यावर दिसणारा एखादा शब्द घ्यायचा, त्यातल्या अक्षरांमधली अंतरं काढायची आणि तीच अंतरं रॉममध्ये कुठे सापडतात ते पाहायचं. काना, म्हणजे हिरागाना-काताकाना ही जपानीची उच्चारदर्शक अक्षरं, फॉन्टमध्ये बहुधा ओळीने लावलेली असल्यामुळे हे जमतं. कांजीचं, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थदर्शक चिन्हांचं, तसं नाही, त्या गेमला लागल्या तशा भरलेल्या असतात. त्यांची यादी फॉन्टच्या चित्रावरून हातानेच करावी लागते. या सगळ्यातून जी फाइल तयार होते तिला टेबल फाइल म्हणतात. मजकूर काढायला कार्टोग्राफर आणि परत घालायला अॅटलस ही साधनं आहेत, पण पायथॉन येत असेल तर स्वतःचं लिहा. गेमच्या खोडी आपल्याला माहीत असतात, तयार साधनाला नसतात.

आता सुरुवातीच्या संवादातली एक ओळ शोधा आणि तिचे एकदोन बाइट बदला. मेसेनसारख्या डीबगर असलेल्या एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवून बघा. अक्षर बदललं? छान. पुढची पायरी म्हणजे त्याच जागी मूळ ओळीपेक्षा लांब ओळ घालणं. इथे पॉइंटरशी गाठ पडते. प्रत्येक संवाद कुठून सुरू होतो याचा पत्ता वेगळ्या तक्त्यात असतो. हा पत्ता बहुधा दोन बाइटचा असतो, आणि त्यात खालचा बाइट आधी येतो. दोन बाइटच्या पत्त्याने एकाच बँकेच्या आत फिरता येतं. म्हणजे रॉमच्या मांडणीप्रमाणे ३२ किंवा ६४ किलोबाइटच्या आत. जपानी मजकूर दाट असतो. मराठी त्याच्या दीडपट-दुप्पट जागा सहज मागते, मग बँक भरते. तेव्हा रॉम वाढवायची, मजकूर शेवटच्या मोकळ्या भागात हलवायचा आणि पत्ता वाचणारं गेमचं मूळ रूटीन (कोडचा तुकडा) तीन बाइटचे पत्ते वाचेल असं बदलायचं. हे काम सुपर फॅमिकॉमच्या ६५८१६ प्रोसेसरच्या असेंब्लीत, म्हणजे त्याच्या यंत्रभाषेत करावं लागतं. त्यासाठी असार हा असेंब्लर वापरतात. पायथॉन इथे उपयोगी नाही, आणि हे शिकणं टाळता येत नाही. तुम्हाला ते नको असेल तर ते येणारा एक साथीदार आधी शोधा. 'एकट्याने होईल का'चं खरं उत्तर एवढंच आहे.

आता मराठीकडे वळतो. इंग्रजीत या विषयावर भरपूर लिहिलेलं आहे, पण ते सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. काही बाबतींत तर नेमकं उलटं करायचं आहे.

इंग्रजी भाषांतरकारांना २६ अक्षरं पुरतात, त्यामुळे ते गेममधली कांजीची यंत्रणा काढून टाकतात आणि मोकळी झालेली जागा वापरतात. त्यांचा त्रास वेगळा असतो. अक्षरांची रुंदी कमीजास्त असल्यामुळे प्रत्येक अक्षराच्या रुंदीप्रमाणे पुढे सरकणारा फॉन्ट त्यांना लिहावा लागतो. आपण मात्र कांजीची यंत्रणा जिवापाड जपायची. 'क्षि', 'र्मा', 'स्त्री' ही आपल्या दृष्टीने एकेक कांजीच समजायची. म्हणजे वेलांटी आधी काढायची की नंतर, रफार कुठे बसवायचा, हे गेमला शिकवायचं नाहीच. ते सगळं आपल्या संगणकावर उरकायचं. हार्फबझने (अक्षरं जोडून मांडणाऱ्या लायब्ररीने) मजकूर जोडून घ्या, प्रत्येक वेगळ्या जोडअक्षराचं एक चित्र करा आणि त्याला एक संकेत द्या. मग गेमच्या दृष्टीने तो नेहमीसारखीच अक्षरं एकामागे एक काढत राहतो. लिपी बदलल्याचं त्याला कळायचंही कारण नाही.

यासाठी स्क्रिप्टचा थोडा भाग मराठीत झाल्यावर त्यात वेगळी अक्षरं किती येतात ते मोजा. आकडा शेकड्यांत जातो. कांजींच्या जागाही बऱ्याच गेममध्ये शेकड्यांतच असतात, त्यामुळे मेळ बसू शकतो. सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या अक्षरांना कानाचे एक बाइटवाले संकेत द्या, क्वचित येणाऱ्यांना कांजीचे दोन बाइटवाले. जागा बरीच वाचते. संख्या तरीही बसत नसेल तर एकदाच येणारी जोडाक्षरं शोधा आणि ती वाक्यं बदला. 'निस्तब्ध'साठी एक जागा अडवण्यापेक्षा 'सामसूम' लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि खरं सांगायचं तर वाक्यही सुधारतं.

फॉन्ट कुठल्याही तयार टंकातून लहान करून घेऊ नका. बारा-सोळा पिक्सेल उंचीत शिरोरेषा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार हे सगळं मावायला हवं. ते हातानेच काढावं लागतं. ल आणि श मराठी वळणाचेच काढा. हिंदी वळणाचा श दिसला की मराठी वाचकाला लगेच खटकतं. 'सुऱ्या'मधला ऱ्य विसरू नका, तयार फॉन्टमध्ये तो कधीकधी चुकतो.

मेनूची गोष्ट वेगळी आहे. मेनूतला मजकूर बऱ्याचदा ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत असतो आणि त्यात देवनागरी वाचनीय होत नाही. पण एक पळवाट आहे. फॅमिकॉमच्या (सुपर फॅमिकॉमच्या आधीच्या यंत्राच्या) काळापासून अनेक जपानी गेम が किंवा ぱ यांच्यावरची खूण वेगळ्या चौकटीत, अक्षराच्या वरच्या ओळीत काढतात. पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये हे स्पष्ट दिसतं. तो १९८६ चा अख्खा गेम ६४ किलोबाइटमध्ये कोंबलेला होता, तेव्हा अशी काटकसर करणं भागच होतं. आपल्याला यातून काय मिळतं, तर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर आठ पिक्सेलची मोकळी पट्टी. तीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार जातात. उकाराला मात्र खालच्या चौकटीतच दाटीवाटी करावी लागते. म्हणून मेनूतले शब्द निवडतानाच उकार टाळता आले तर टाळा.

यापुढचा अडथळा भाषेचा आहे, पण त्याचं मूळही कोडमध्येच असतं. खजिन्याची पेटी उघडली की गेम वाक्य जुळवतो: वस्तूचं नाव, मग を हा कर्माचा प्रत्यय, मग 'मिळवलं' या अर्थाचं क्रियापद. जपानीत नाव काहीही आलं तरी शेपूट बदलत नाही. मराठीत तलवार मिळाली, बाण मिळाला, औषध मिळालं. लढाईतली वाक्यंही तशीच: राक्षस मेला, चेटकीण मेली, भूत मेलं. शिवाय नावाला विभक्ती लावायची तर सामान्यरूप होतं. 'ढाल'ला 'ने' चिकटवून चालत नाही, 'ढालीने' करावं लागतं. गेमला यातलं काहीच ठाऊक नसतं.

यावर दोन मार्ग आहेत. प्रत्येक वस्तूपुढे लिंगाची एक खूण ठेवणारा छोटा तक्ता तयार करायचा आणि संदेश छापणाऱ्या रूटीनमध्ये तो वाचून योग्य शेवट निवडायचा. किंवा वाक्यच असं बांधायचं की लिंग लागणार नाही: 'पेटीत सापडलं: तलवार'. दुसरा मार्ग सोपा आहे, पण पन्नासाव्यांदा तो संदेश वाचताना सरकारी अर्ज भरल्यासारखं वाटतं. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. वस्तू काही हजारांत नसतात, आणि तक्ता एकदा झाला की लढाई, दुकान, मेनू सगळीकडे कामी येतो. विभक्तीसाठी मात्र मी दुसराच मार्ग घेईन. नाव नेहमी कर्ता किंवा मूळ रूपातच राहील अशी वाक्यं करायची. खेळाडूने स्वतः दिलेल्या नावाचं सामान्यरूप करणारा कोड लिहायला घेतलात तर बाकीचा गेम राहून जाईल. नाव लिहिण्याचा पडदाही पहिल्या प्रकल्पात बंदच ठेवा, पात्रांची नावं कायमची ठरवून टाका.

जपानीत जागा सोडण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे ओळ कुठेही मोडली तरी चालतं, म्हणून गेममध्ये शब्द न तोडता ओळ मोडण्याची सोय नसते. २५६ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर संवादाच्या चौकटीत किती अक्षरं मावतात ते मोजा आणि मजकूर आत घालणाऱ्या आपल्या स्क्रिप्टलाच ओळी मोडू द्या. नायकाचं नाव मधे येत असेल तर सगळ्यात लांब नाव धरून हिशेब करा.

तुमच्या एन३ बद्दल. व्याकरण पुरेल, पण शब्दसंग्रह आणि बोलण्याच्या तऱ्हा पुरणार नाहीत. शिवाय जुन्या गेममध्ये एक गंमत आहे जी वर्गात कळत नाही. फॅमिकॉमच्या बहुतेक गेममध्ये कांजीच नसते. सगळं हिरागानात, शब्दांमध्ये मोकळ्या जागा सोडून. कांजी बघून अर्थ लावायची सवय झालेल्याला हे जास्त जड जातं. त्यात राजा एका ढंगात बोलतो, म्हातारा दुसऱ्या, उद्धट पोर तिसऱ्या. जपानीत याला याकुवारिगो, म्हणजे भूमिकेची भाषा म्हणतात. खऱ्या आयुष्यात कुणी म्हातारा तसं बोलत नाही, पण वाचकाला बोलणारा कोण ते लगेच कळतं. पुण्यात जपानी शिकणारे आणि शिकवणारे इतके आहेत की तपासून देणारा एखादा वरच्या पातळीचा माणूस मिळणं अशक्य नाही. त्याला सगळं वाचायला लावू नका, शंकेच्या ओळी वेगळ्या काढून दाखवा.

हे ढंग मराठीत आणताना मोह होतो तो बोलीभाषांचा. कानसाई (ओसाकाकडची बोली) बोलणाऱ्या व्यापाऱ्याला मालवणी द्यायची, डोंगरातल्या गावाला वऱ्हाडी. मी विरोधात आहे. ओसाकाचा व्यापारी मालवणीत बोलू लागला की खेळाडू त्या जगातून उठतो आणि थेट सावंतवाडीत जाऊन बसतो. विनोदी पात्र असेल तर एकवेळ ठीक. नाहीतर शब्दांची निवड, वाक्यांची लांबी आणि तू-तुम्ही-आपण एवढ्यावर काम भागतं. तू-तुम्ही-आपण या तिन्हींची सोय इंग्रजीत नाही, आपल्याकडे आहे. सेनापती राजकन्येला कोणत्या क्षणी 'आपण'वरून 'तू'वर येतो हे जपानीतून मराठीत जवळजवळ तसंच आणता येतं.

पण मराठीचा एक सापळाही आहे, आणि तो 'फायनल फँटसी ५'मध्ये सगळ्यात चांगला दिसतो. त्यातली फारिस ही समुद्री चाच्यांची नायक सुरुवातीला पुरुष म्हणून वावरते आणि स्वतःला 'ओरे' म्हणते, जो 'मी'चा रांगडा पुरुषी प्रकार आहे. पुढे कळतं की ती बाई आहे आणि राजघराण्यातली आहे. (गेम १९९२ चा आहे, रहस्य फोडल्याचं पाप मी घेतो.) मराठीत पहिल्याच संवादात 'जातो' की 'जाते' हे ठरवावं लागतं. रहस्य उघड होईपर्यंत 'जातो' हे सरळ आहे. प्रश्न नंतरचा आहे. भेद खुला झाल्यावरही तिचा रांगडेपणा तसाच राहतो, मग क्रियापद बदलायचं का? मी 'जातो'च ठेवेन. तिने आयुष्यभर तसंच बोललेलं आहे, आणि मराठीत तशा बोलणाऱ्या मुली आपण पाहिलेल्या आहेत. इतरांनी तिच्याविषयी बोलताना मात्र 'ती' म्हणावं. तुमच्या गेममध्ये असं पात्र नसेलही, पण काढलेल्या मजकुरात बोलणारा कोण हे बहुधा लिहिलेलं नसतं आणि जपानी वाक्यात कर्ताही नसतो. अर्धवट संदर्भावर मराठी क्रियापद लिहिलं की चुकलंच. म्हणून प्रत्येक ओळीपुढे पात्राचं नाव, ठिकाण आणि शक्य तिथे पडद्याचं चित्र जोडून घ्या. हे कंटाळवाणं काम भाषांतराच्या आधी करायचं असतं.

याच गेमचा इतिहासही बोलका आहे. सुपर फॅमिकॉमवरचा तो गेम तेव्हा इंग्रजीत आलाच नाही. आरपीजीई नावाच्या हौशी गटाने १९९७ मध्ये इंग्रजी पॅच (मूळ रॉमवर चढवायची बदलांची फाइल) काढला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती प्लेस्टेशनवर १९९९ मध्ये आली आणि तिच्यात वायव्हर्न या राक्षसाचं नाव चक्क 'वाय बर्न' असं छापलं गेलं. अधिकृत शिक्का म्हणजे चांगलं भाषांतर असं नाही. हौशी म्हणजे चांगलं असंही नाही, तेव्हाचे कित्येक पॅच आज वाचवत नाहीत. 'सेइकेन देनसेत्सु ३'च्या चाहत्यांचा इंग्रजी पॅच २००० मध्ये आला, अधिकृत इंग्रजी थेट २०१९ मध्ये. मधली एकोणीस वर्षं त्या पॅचवरच निघाली.

त्या काळातल्या पॅचचा आणखी एक धडा चाचणीसाठी घ्या. बरेच पॅच झेडस्नेस या ढिसाळ एम्युलेटरवर तपासले गेले. खऱ्या यंत्रात पडदा काढला जात असताना चित्रस्मृतीत लिहिता येत नाही, तो एम्युलेटर मात्र लिहू द्यायचा. परिणाम असा की त्यांतले काही पॅच खऱ्या यंत्रावर किंवा अचूक एम्युलेटरवर अक्षरांचा चिखल करतात. तुम्ही बीस्नेस किंवा मेसेनवरच तपासा, आणि जमलं तर फ्लॅश कार्ट्रिज (आपली रॉम भरता येणारं कार्ट्रिज) लावून खऱ्या यंत्रावर. गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत किमान दोन वेगळ्या माणसांनी खेळायला हवा, त्यांतला एक जपानी न येणारा. जपानी येणारा माणूस चुकलेली ओळसुद्धा मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो.

कायदा. मी वकील नाही, पण एवढं नक्की आहे की भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराचा असतो, भारताच्या १९५७ च्या कायद्यातही. फक्त पॅच वाटला आणि रॉम वाटली नाही म्हणून काम आपोआप कायदेशीर होत नाही. तो एक संकेत आहे, ज्याच्याकडे कंपन्या बहुधा कानाडोळा करतात. बहुधा, नेहमी नव्हे. 'फायनल फँटसी टाइप-०'चा पॅच २०१४ मध्ये आला आणि स्क्वेअर एनिक्सच्या कायदेशीर मागणीनंतर काही आठवड्यांत उतरवावा लागला. उलट 'मदर ३'चा इंग्रजी पॅच २००८ पासून उपलब्ध आहे. त्याचे मुख्य भाषांतरकार क्लाइड मँडेलिन हे व्यवसायाने भाषांतरकार, आणि कामाच्या फाइली निंटेंडोला हव्या असतील तर फुकट द्यायची तयारी त्यांनी दाखवली होती. निंटेंडोने त्या घेतल्या नाहीत, पॅचही थांबवला नाही. 'ट्रेल्स फ्रॉम झीरो'च्या बाबतीत तर जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाचं काम एनआयएस अमेरिका या प्रकाशकाने २०२२ च्या अधिकृत आवृत्तीसाठी घेतलं. यातून नियम निघत नाही, पण अंदाज घेता येतो: जो गेम कंपनी सध्या विकते आहे किंवा नव्याने काढण्याच्या बेतात आहे, त्याला हात लावू नका. पैसे घेऊ नका, देणगीसुद्धा नको. तरीही कुणीतरी तुमचा पॅच कार्ट्रिजमध्ये भरून विकेल, त्याची तयारी ठेवा. त्यावर आपल्या हातात फारसं काही नसतं.

पॅच बीपीएस प्रकारात द्या. जुना आयपीएस प्रकार चुकीच्या रॉमवरही निमूट चिकटतो आणि मग 'गेम सुरूच होत नाही' असे निरोप येत राहतात. बीपीएस मूळ फाइल तपासूनच पुढे जातो.

राहिला गेम कोणता घ्यायचा. मराठी माणसाचं लक्ष हमखास जातं ते स्क्वेअरच्या १९९६ च्या 'रुद्रा नो हिहो'कडे. नावात रुद्र, आणि जादू करायची तर खेळाडूने स्वतः सहा कानांपर्यंतचा शब्द टाइप करायचा. इंग्रजीवाल्यांना ही यंत्रणा नव्याने बसवावी लागली होती. देवनागरीत एका कानाला एक अक्षर ठेवता येतं, त्यामुळे आपल्याला ती तुलनेने सोपी जाईल. पण मोठा गेम आहे, दुसऱ्या-तिसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा. 'टेल्स ऑफ फँटेशिया' किंवा 'स्टार ओशन' तर नकोच. ४८ मेगाबिटच्या रॉम आहेत, आणि दुसऱ्यात दाबून ठेवलेली (कॉम्प्रेस केलेली) चित्रं उलगडणारी वेगळी चिपही आहे. पहिल्यांदा असा गेम घ्या ज्याचा मजकूर न दाबता ठेवलेला आहे, ज्यात कांजी आहेत, आणि जो दहा-पंधरा तासांत संपतो. तीनचार गेम घेऊन प्रत्येकात ती एक ओळ शोधायचा प्रयत्न करा. ज्यात ती लवकर सापडेल आणि लांब करूनही गेम कोलमडणार नाही, तो तुमचा गेम. तो सर्वांत आवडता नसला तरी हरकत नाही.